परदेशात निसर्गसंवर्धनाचं स्वयंसेवी काम: खान्देशातून निघताना करायची तयारी

संवर्धनाच्या कामासाठी काही आठवडे किंवा महिने परदेशात स्वयंसेवक म्हणून जाणं आता पुण्या-मुंबईच्या मुलांपुरतं राहिलेलं नाही. शहादा, चोपडा, शिरपूर, रावेरकडची प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा कृषी शिकणारी मुलंमुलीही त्याबद्दल विचारतात. अर्ज मोबाइलवर भरला जातो, खरी अडचण पुढे येते. घरात पहिला प्रश्न विचारला जातो, "तठे जाईसन काय करशी?" हा प्रश्न मनाला लावून घेऊ नका आणि टाळूही नका. व्हिसा देणारा अधिकारी, लस देणारा डॉक्टर, विमा कंपनी आणि विमानतळावरचा इमिग्रेशनवाला, सगळे हाच प्रश्न आपापल्या भाषेत विचारणार आहेत. म्हणून सगळी तयारी या उत्तरापासून सुरू करायची. निघण्याच्या निदान सहा महिने आधी.

काम नेमकं कोणतं, आणि ते खरं आहे का

स्वयंसेवकाच्या वाट्याला येणारी कामं साधारण ठरलेली असतात. कॅमेरा ट्रॅपचे, म्हणजे जंगलात प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांचे, हजारो फोटो बघून वर्गवारी करणं, ठरलेल्या वाटेवर चालत प्राणी-पक्ष्यांच्या नोंदी घेणं, रोपवाटिकेत पिशव्या भरणं, जंगलात पसरलेलं परकं तण उपटणं, बचाव केंद्रात पिंजरे धुणं आणि फळं चिरणं, समुद्रकिनाऱ्यावर रात्रभर गस्त घालून कासवांची घरटी मोजणं. यातलं बरंचसं काम अंगमेहनतीचं आणि एकसुरी असतं. जाहिरातीत मात्र वाघा-सिंहाचं पिल्लू मांडीवर घेतलेली मुलगी दिसते. अशी जाहिरात दिसली की तिथंच थांबा.

दक्षिण आफ्रिकेत हा धंदा कसा चालत आला ते समजून घ्या. बंदिस्त जागेत सिंहांची पैदास होते, पिल्लं जन्मल्यावर थोड्याच दिवसांत आईपासून तोडली जातात आणि 'अनाथ पिल्लं' म्हणून बाटलीने दूध पाजायला पैसे भरणाऱ्या स्वयंसेवकांच्या हाती दिली जातात. आई लवकर मोकळी झाली की पुन्हा विते. माणसाळलेलं पिल्लू जंगलात सोडता येत नाही. ते मोठं झालं की पर्यटकांबरोबर फिरवायला वापरतात आणि शेवटी कुंपणातल्या शिकारीला किंवा हाडांच्या व्यापाराला जातं. तिथल्या सरकारने हा उद्योग बंद करण्याची भूमिका २०२१ साली जाहीर केली, पण जाहिराती अजून दिसतात. प्राण्यावर मनापासून प्रेम करणारी मुलं यात फसतात, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. साधी कसोटी अशी: जिथं पैसे भरून कुणालाही प्राणी हाताळता येतो, कुरवाळता येतो, तिथं संवर्धन होत नाही.

संस्थेला ईमेल करून विचारा: मी नोंदवलेली माहिती पुढे कोण वापरतं? माझ्याऐवजी हे काम स्थानिक माणसाला पगार देऊन का करून घेत नाही? दिवसाचे तास किती, सुटी कधी? माझ्या आधीच्या एखाद्या भारतीय स्वयंसेवकाशी बोलता येईल का? चांगली संस्था असल्या प्रश्नांवर नाराज होत नाही. उलट तीच तुम्हाला चार प्रश्न विचारते. काहीच न विचारता लगेच 'निवड झाली, पैसे भरा' असं उत्तर आलं तर सावध व्हा. फी मागणं यात गैर काही नाही, कारण राहणं-खाणं, प्रशिक्षण, वाहतूक याला खर्च येतोच. पण फीमध्ये काय काय आलं आणि रद्द केल्यास किती परत मिळेल, हे लेखी घ्या.

एक गंभीर इशारा. तिकीटही आम्ही काढतो, व्हिसाचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त बँकॉकला या, असं कुणी म्हणालं तर अजिबात जाऊ नका. आग्नेय आशियात तरुणांना अशाच आमिषाने नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबून ठेवल्याची प्रकरणं घडलेली आहेत, आणि भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल वेळोवेळी सूचना काढल्या आहेत.

पहिल्यांदाच जात असाल तर माझं मत स्पष्ट आहे: नेपाळ. चितवन राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या सौराहा इथं संवर्धनाचं काम वर्षानुवर्षं चालू आहे, भारतीयांना व्हिसा लागत नाही, डाळ-भात मिळतो, नेपाळी देवनागरीतच लिहितात त्यामुळे बसच्या पाट्या वाचता येतात, आणि विमानाचा खर्च वाचतो. बोर्नियो, आफ्रिका दुसऱ्या खेपेला.

सराव सातपुड्यातच करा

शहाद्याजवळ १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये रानपिंगळा हे नामशेष झालं असं वाटलेलं छोटं घुबड पुन्हा सापडलं. त्याआधीची खात्रीची नोंद १८८४ सालची, म्हणजे ११३ वर्षं जुनी होती. शोधणाऱ्या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन सातपुड्यात येण्याआधी संग्रहालयांतले जुने नमुने तपासत होत्या. एक नमुना १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचा दावा खोटा आहे, हे त्यांनी त्यातून ओळखलं. आधीचे शोध या चुकीच्या माहितीमुळे भलतीकडे भरकटले होते. जुन्या खऱ्या ठिकाणांची यादी हाती आल्यावर त्यांचा चमू इकडे आला आणि पक्षी दिसला. परक्या मुलखात जाताना घरून अभ्यास करून निघायचं म्हणजे काय, याचं इतकं चांगलं उदाहरण आपल्याच अंगणात आहे.

तुम्हीही तेच करा. जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेच्या वेळी हतनूर धरणावर जा. बुद्धपौर्णिमेला यावल अभयारण्यात वनविभागाच्या पाणवठ्यावरच्या गणनेसाठी नाव द्या. त्या रात्री मचाणावर बसून काहीच न येणं आणि तरीही दर तासाला 'काही नाही' असं कागदावर लिहिणं, हा संवर्धनाच्या कामाचा खरा सराव आहे. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पक्ष्यांच्या याद्या टाका, मोबाइलच्या जीपीएसवरून अक्षांश-रेखांश लिहायला शिका, प्रथमोपचाराचा एखादा वर्ग करा. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला एकदा जाऊन या. चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली ती याच गावाच्या जंगलामुळे. गावाने स्वतःचे नियम करून जंगल राखलं की काय होतं, हे तिथं डोळ्यांनी दिसतं. परदेशात कुणी विचारलं, तुमच्याकडे काय चालतं, तर सांगायला तुमच्याकडे काहीतरी असायला हवं. अर्जातही अशा चार ओळी प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त वजनदार ठरतात.

पासपोर्ट

अर्ज ऑनलाइन भरून वेळ घ्यायची आणि जवळच्या पासपोर्ट सेवा केंद्रात किंवा पोस्टातल्या केंद्रात मूळ कागद घेऊन जायचं. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळ असेल तर आणखी २०००. आपल्याकडे घोळ होतो तो नावाचा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव आहे तर कुठे नाही, आणि इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन. हे सगळं अर्ज भरण्याआधी दुरुस्त करून घ्या. आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. नुसतं एकेरी नाव असलेल्या पासपोर्टवर संयुक्त अरब अमिरातीत २०२२ पासून प्रवेश मिळत नाही.

दहावी पास असाल तर ते प्रमाणपत्र जोडा, म्हणजे पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणी लागू होण्याचा शिक्का बसत नाही. वसतिगृहात राहत असाल तर कोणता पत्ता द्यायचा ते नीट ठरवा, कारण पोलीस पडताळणी त्याच पत्त्यावर होते आणि त्या दिवसांत तुम्ही तिथं सापडायला हवं. पासपोर्ट आधीच असेल तर परतीच्या तारखेनंतर त्याची मुदत सहा महिने उरते ना, आणि दोन कोरी पानं आहेत ना, ते बघा. काही संस्था पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागतात. तेही पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरूनच मिळतं.

व्हिसा: 'फिरायला' असं लिहून निभत नाही

सर्वात जास्त चुका इथं होतात, कारण पगार नाही म्हणजे काम नाही असं आपण धरून चालतो. बऱ्याच देशांचा कायदा तसं मानत नाही. थायलंडमध्ये बिनपगारी कामालाही वर्क परमिट लागतं, त्यामुळे पर्यटक म्हणून उतरून हत्तींच्या केंद्रात महिनाभर राबणं बेकायदा ठरू शकतं. ब्रिटनमध्ये साध्या व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा चालते. त्याहून जास्त थांबायचं तर चॅरिटी वर्कर व्हिसा, आणि त्यासाठी तिथल्या संस्थेने पुरस्कर्ता म्हणून प्रमाणपत्र द्यावं लागतं. दक्षिण आफ्रिकेत ९० दिवसांपेक्षा जास्त स्वयंसेवेसाठी व्हिजिटर व्हिसाचाच वेगळा प्रकार आहे. मलेशियात भारतीयांना सध्या ३० दिवस व्हिसाशिवाय जाता येतं, पण ती सवलत फिरायला जाणाऱ्यांसाठी आहे. शिवाय बोर्नियोतल्या साबाह राज्याचं इमिग्रेशन वेगळं, क्वालालंपूरहून गेलात तरी तिथं पुन्हा पासपोर्ट दाखवावा लागतो.

म्हणून संस्थेला सरळ विचारा: भारतीय पासपोर्टवर येणाऱ्या स्वयंसेवकासाठी तुम्ही कोणता परवाना काढता? उत्तर लेखी घ्या आणि त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळाशी ताडून बघा. 'पर्यटक सांगा, कुणी विचारत नाही' असं उत्तर आलं तर ती संस्था सोडा. सापडलात तर परत पाठवलं जाणार तुम्हाला, पासपोर्टवर डाग लागणार तुमच्या, आणि पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात 'कधी हद्दपार झालात का' या रकान्यात होय लिहावं लागणार तुम्हाला.

निमंत्रणपत्रात तुमचं पासपोर्टप्रमाणे नाव, कामाचं स्वरूप, तारखा, राहण्याचा पत्ता आणि खर्च कोण करणार, एवढं असायलाच हवं. वडिलांचा पैसा दाखवत असाल तर त्यांचं हमीपत्र आणि बँकेचे सहा महिन्यांचे उतारे जोडा. शेतीचं उत्पन्न असलेल्या घरात प्राप्तिकराची विवरणपत्रं नसतात, तेव्हा सातबारा, बाजार समितीतल्या किंवा केळी विक्रीच्या पट्ट्या, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, असे कागद इंग्रजी भाषांतरासह जोडता येतात. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम टाकू नका, त्याने शंका वाढते.

तब्येत आणि लशी

पिवळ्या तापाची लस लागते का, हे आधी बघा. केनिया, युगांडा, ब्राझील अशा साथप्रवण देशांतून परत येताना भारत स्वतःच हे प्रमाणपत्र मागतो. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांत मिळते. आपल्याकडून जायला मुंबईच्या विमानतळ आरोग्य संघटनेचं केंद्र सोयीचं. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

रेबीजची आगाऊ लस प्राण्यांजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाने घ्यावी. दोन डोस, पहिला आज, दुसरा सातव्या दिवशी. नंतर चावा झालाच तर पुन्हा दोन डोस घ्यावेच लागतात, पण रेबीजचं सीरम लागत नाही. दुर्गम ठिकाणी तेच सीरम मिळत नाही, म्हणून हा फरक जिवावरचा आहे. धनुर्वात, टायफॉइड, हिपॅटायटीस ए आणि बी यांचं डॉक्टरांना विचारा. मलेरियाच्या गोळ्या देशागणिक बदलतात.

ओरांगउटान, चिंपांझी किंवा माकडांच्या केंद्रात जायचं असेल तर उलटी बाजूही आहे: आपले आजार त्यांना होतात. साधी सर्दीसुद्धा. म्हणून ही केंद्रं क्षयरोग आणि हिपॅटायटीसच्या चाचण्यांचे अहवाल मागतात. इथं भारतीयांची एक खास अडचण येते. आपल्याला जन्मतःच बीसीजी ही क्षयाची लस टोचलेली असते, त्यामुळे क्षयाची त्वचेवरची चाचणी आजार नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. घाबरून जाऊ नका. संस्थेला विचारून आयजीआरए ही रक्तचाचणी करा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. निघताना सर्दी-खोकला असेल तर संस्थेला प्रामाणिकपणे कळवा.

रोजची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, औषधाच्या मूळ नावानिशी. दुबईमार्गे जात असाल तर ट्रॅमाडॉल आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधं बरोबर ठेवू नका, तिथं त्यांवर कडक निर्बंध आहेत.

पैसे आणि विमा

फी बँकेतून संस्थेच्या नावाच्या खात्यावरच पाठवा, कुणा व्यक्तीच्या खात्यावर नाही. प्रवासात फॉरेक्स कार्ड, थोडे डॉलर आणि एक वेगळं ठेवलेलं बँक कार्ड पुरतं. नेपाळला जाताना शंभराच्या नोटा ठेवा, मोठ्या भारतीय नोटा तिथं सगळीकडे चालतील असं धरू नका. विमा घेताना पॉलिसीतल्या वगळलेल्या गोष्टी वाचा: अंगमेहनतीचं काम, प्राण्याचा चावा, डायव्हिंग, आणि दुर्गम भागातून हेलिकॉप्टरने दवाखान्यात हलवण्याचा खर्च. शेवटची गोष्ट नसेल तर ती पॉलिसी घेऊ नका.

बॅग, आणि त्यातही बूट

बुटांबद्दल थोडं जास्त लिहितो. आपली काळी माती तळव्याच्या खाचांत जाऊन सिमेंटसारखी बसते, आणि मोजे, नाडी, वेल्क्रो यांत कुसळं आणि गोखरू अडकलेले असतात. त्या मातीतून बिया, बुरशी, जंतू दुसऱ्या देशात जातात. जगभर बेडकांचा नाश करणारी कायट्रिड बुरशी ओल्या, चिखलट बुटांवरूनही पसरू शकते. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी बूट पाण्यात भिजवा, खाचा जुन्या दातब्रशने आणि खिळ्याने कोरून काढा, वेल्क्रो सुईने साफ करा, साबणाने धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा. तंबू, बॅगेचं बूड, पँटच्या दुमडी यांचंही तसंच. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात बूट काढून तपासतात. आईने दिलेलं लोणचं, बिबड्या, कळण्याचं पीठ, तीळ हे न्यूझीलंडला नेताना प्रवेशपत्रावर जाहीर करा. जाहीर न केल्यास जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात.

कपडे मळखाऊ, लवकर वाळणारे, पूर्ण बाह्यांचे. कासवांच्या किनाऱ्यावर जाणार असाल तर लाल उजेडाची टॉर्च, कारण पांढऱ्या उजेडाने मादी बुजते. दुर्बीण, शिट्टी, पाण्यात न भिजणारी वही आणि पेन्सिल. भेट म्हणून मोरपीस किंवा मोरपिसांचा पंखा नेऊ नका, मोरपिसं देशाबाहेर न्यायला बंदी आहे. तसंच येताना शिंपले, प्रवाळ, पिसं, हाडं काही आणू नका. परदेशी सहकाऱ्याने प्रेमाने दिलेलं सॅटेलाइट मेसेंजर यंत्रही भारतात आणू नका. परवान्याशिवाय ते बाळगल्याबद्दल विमानतळावर लोकांना अटक झालेली आहे.

घर ते विमानतळ

विमान पहाटे दोनला १५ तारखेचं असेल तर निघायचं १४ च्या रात्री असतं. तिकिटावर तारीख बघून घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. जळगाव-भुसावळहून गाडीने येणाऱ्यांनी पावसाळ्यात कसारा घाट आणि कल्याणच्या पुढचा खोळंबा धरून एक पूर्ण दिवस आधीच मुंबई गाठावी. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडच्यांना सुरतमार्गे येणारी खान्देश एक्सप्रेस सोयीची, कारण ती पश्चिम उपनगरांतून येते आणि तिथून विमानतळ जवळ. मात्र ती कोणत्या वारी आहे ते आधी बघा. चितवनला जायचं तर भुसावळहून गोरखपूरची कुशीनगर किंवा काशी एक्सप्रेस, पुढे बसने सोनौली, सीमा पायी ओलांडून भैरहवा, तिथून भरतपूर-सौराहाकडची बस. ओळख म्हणून पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा, प्रौढांना नुसतं आधार चालत नाही.

इमिग्रेशनवर विचारलं तर खरं सांगा: अमुक संस्थेत इतके आठवडे स्वयंसेवक. निमंत्रणपत्र, परतीचं तिकीट, विमा यांच्या छापील प्रती हाताशी असू द्या, कारण मोबाइल नेमका तेव्हाच बंद पडतो. घरी एक कागद ठेवा: संस्थेचा फोन, पत्ता, भारतीय दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक, पॉलिसी क्रमांक. अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, हेही घरच्यांना सांगून ठेवा.

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी दवाखाना कुठे, वाहन कुणाकडे, साप चावला तर काय करायचं, हे तीन प्रश्न विचारा. प्रशिक्षणात लाजू नका. ऐकलेली सूचना इंग्रजीत परत म्हणून दाखवा, चुकली असेल तर तिथंच दुरुस्त होते. वानरवर्गीय प्राण्यांपासून ७ ते १० मीटर अंतर आणि तोंडाला मास्क, हा नियम कुणी बघत नसलं तरी पाळा. दुर्मिळ प्राण्याचा फोटो टाकताना मोबाइलमधलं लोकेशन बंद करा, कारण शिकारीसुद्धा इंटरनेट बघतात.

नोंदवहीत दिसलं ते लिहा. शंका असेल तर 'शंका' लिहा आणि काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा. रकाना रिकामा सोडला तर तुम्ही बघितलंच नाही की प्राणी नव्हता, हे पुढच्याला कळत नाही. काम न जमल्यास लगेच घरी फोन करून रडण्याआधी समन्वयकाशी बोला, बहुतेक ठिकाणी कामाची पाळी बदलून मिळते. पण छळ होत असेल, पासपोर्ट काढून घेतला असेल किंवा ठरल्याबाहेरचं काम जबरदस्तीने करवत असतील, तर त्याच दिवशी दूतावासाला फोन करा आणि घरच्यांनाही कळवा. पासपोर्ट कुणालाही ठेवायला देऊ नका, हवी तर प्रत द्या.

शेवटचे दोन दिवस तुमच्या जागी येणाऱ्यासाठी राखून ठेवा. कोणता कॅमेरा बिघडतो, कोणत्या वाटेवर जळवा आहेत, कोणता रकाना सगळे चुकीचा भरतात, हे एका पानावर लिहून समन्वयकाच्या हाती द्या. कामाचं पत्र सही-शिक्क्यासह तिथंच मागून घ्या. एकदा इकडे आलात की ते मिळायला फार उशीर लागतो.